शिणलेली जनता आणि काठीचा हिशेब

१४ एप्रिल २०२० ची सकाळ तुमच्यापैकी कोणीही विसरला नसेल. बाबासाहेबांची १२९ वी जयंती. आणि चौकात मंडप नाही, मिरवणूक नाही, निळ्या झेंड्यांची रांग नाही. घरातल्या एका भिंतीशी तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा, समोर दोन मेणबत्त्या, आणि आपापल्या उंबऱ्याच्या आत राहून म्हटलेले त्रिशरण व पंचशील. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरच्या विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी सुनी राहिली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारा जनसागर गावोगावच्या घरांतच थांबला. १ जानेवारी २०२१ रोजी भीमा कोरेगावच्या स्तंभाला बहुतेकांनी दुरूनच मानवंदना दिली. ज्या समाजाला वर्षभरात हे चार दिवसच आपले म्हणून मिळतात, त्याने ते चारही दिवस सोडून दिले.

हे त्याने कोणाच्या काठीला भिऊन केले नाही. रोग श्वासावाटे पसरतो, आपल्या गर्दीने दुसऱ्याच्या घरातले म्हातारे माणूस मरेल, एवढे कळल्यावर बुद्धाच्या अनुयायास वेगळी आज्ञा लागत नाही. अतिसाराने पडलेल्या आणि कोणी विचारत नसलेल्या भिक्षूला तथागतांनी स्वतः धुऊन काढले आणि रुग्णाची सेवा तीच माझी सेवा असे संघास सांगितले, ही विनयातील कथा आपल्या विहारात अनेकदा सांगितली जाते. त्या शिकवणीचा अर्थ महासाथीच्या काळात घरी थांबणे हाच होता, आणि तो आपण पाळला.

परंतु त्याच १४ एप्रिलला दुसरेही एक दृश्य घडले. टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा त्या सकाळी झाली आणि दुपारी मुंबईत वांद्रे स्थानकाबाहेर हजारो परप्रांतीय मजूर गोळा झाले. हाताला काम नव्हते, खोलीचे भाडे थकले होते, गावी जाण्यास गाडी नव्हती. त्यांना पांगवण्यासाठी लाठी चालली. पुढे ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ सोळा मजूर मालगाडीखाली चिरडून मेले. ते जालन्याहून पायी निघाले होते. रुळांच्या कडेने चालता चालता थकले आणि रुळांवरच झोपी गेले. निर्बंधांचा नियम सर्वांना एकच होता. त्याचे ओझे मात्र सर्वांच्या पाठीवर सारखे नव्हते. ज्याच्या घरात चार खोल्या व धान्याची कोठी, त्याला टाळेबंदी म्हणजे सक्तीची विश्रांती. ज्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे आणि शौचालय गल्लीच्या टोकाला, त्याला तोच नियम म्हणजे रोजचा अपराध. पाणी भरण्यास बाहेर पडला की तो गुन्हेगार.

त्या काळात एक शब्द सर्वांच्या तोंडी बसला: 'सामाजिक अंतर'. ज्यांच्या वाडवडिलांनी शतकानुशतके सामाजिक अंतर भोगले, ज्यांची सावलीही दूर ठेवली गेली, त्यांच्या कानांना तो शब्द कसा लागला असेल, याचा विचार शब्द घडवणाऱ्यांनी केला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द स्वीकारला होता. आमच्या सरकारी फलकांवर जुनाच शब्द राहिला. गल्ल्या झाडणारे, नाल्यांत उतरणारे, रुग्णालयातील मैला काढणारे हात कोणत्या वस्त्यांतून येत होते, हे तुम्हांस सांगण्याची गरज नाही. त्यांना घरी थांबण्याची मुभा एक दिवसही नव्हती.

आता थकव्याविषयी. कोणतीही जनता अनिश्चित काळ बंधनात राहू शकत नाही, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. २०२० च्या हिवाळ्यात रुग्णसंख्या उतरू लागली तसा लोकांचा धीर सुटला. मुखपट्ट्या हनुवटीवर आल्या, लग्नाचे मांडव भरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये विदर्भात अमरावतीपासून दुसरी लाट उसळली, आणि १४ एप्रिल २०२१ ला, पुन्हा जयंतीच्याच दिवशी, महाराष्ट्रात कडक निर्बंध लागू झाले. त्या लाटेत आपल्या किती घरांतील माणसे गेली, ते प्रत्येक वस्तीस ठाऊक आहे. तेव्हा थकव्यापायी सावधगिरी सोडणे हा अपराध होता, हे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. विषाणूला आपला कंटाळा समजत नाही.

परंतु लोकांचा सगळा थकवा एकाच जातीचा नव्हता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नियमाचा शीण ही एक गोष्ट. नियमाच्या नावाखाली होणाऱ्या मनमानीचा शीण ही दुसरी. पहिल्यावर विश्रांती व समजावणी हे औषध आहे. दुसऱ्यावर न्यायाखेरीज औषध नाही. राज्यकर्त्यांनी हे दोन्ही थकवे एकाच पिशवीत घातले आणि जो कुरकुरला त्याला बेशिस्त ठरवले. ह्या लेखात आम्हांस बोलायचे आहे ते ह्या दुसऱ्या थकव्याविषयी. कारण निर्बंध २ एप्रिल २०२२ ला उठले, पण तो थकवा अजून उतरलेला नाही.

कायदा काय म्हणत होता, ते पाहा. टाळेबंदीचा भंग करणाऱ्यावर भारतीय दंडविधानाच्या १८८ कलमाखाली खटला भरला जाई. त्या कलमाची शिक्षा एक महिना साधी कैद किंवा दोनशे रुपये दंड. भंगामुळे कोणाच्या जीवितास अथवा आरोग्यास धोका झाला तर सहा महिने किंवा एक हजार रुपये. ती शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधीशाचा. रस्त्यावर उठाबशा काढायला लावणे, बेडूकउड्या मारायला लावणे, भाजीची हातगाडी उलथवणे, पाठीवर वळ उठेपर्यंत मारणे, ह्यांपैकी एकही शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेली नव्हती. तरीही ती देशभर दिली गेली, तिची चित्रे घरोघरच्या भ्रमणध्वनीवर फिरली, आणि पुष्कळ सुशिक्षित लोक ती पाहून हसले. आमच्या मते त्या हसण्यातच पुढच्या अनर्थाचे बीज होते.

तो अनर्थ तमिळनाडूत, तूतिकोरिन जिल्ह्यातील सातानकुलम ह्या गावी घडला. १९ जून २०२० रोजी जयराज व त्यांचा मुलगा बेनिक्स ह्यांना, ठरलेल्या वेळेनंतर दुकान उघडे ठेवले ह्या आरोपावरून पोलिसांनी ठाण्यात नेले. २२ व २३ जून ह्या दोन दिवसांत बाप-लेक दोघेही कोठडीत असताना मरण पावले. दोनशे रुपये दंडाच्या अपराधाला दोन प्राण. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. चौकशीस गेलेल्या दंडाधिकाऱ्यांना आढळले की ठाण्यातील कॅमेऱ्याचे चित्रण रोजच्या रोज पुसले जाईल अशी योजना यंत्रातच करून ठेवलेली होती. त्याच ठाण्यातील रेवती नावाच्या एका महिला हवालदाराने रात्रभर काय चालले होते ते दंडाधिकाऱ्यांसमोर सांगितले, आणि न्यायालयाने तिला संरक्षण दिले. केंद्रीय अन्वेषण विभागाने नऊ पोलिसांविरुद्ध दोषारोपपत्र दाखल केले. त्या एका बाईने तोंड उघडले नसते तर ते दोन मृत्यू कोणत्या आजाराच्या नावे लिहिले गेले असते, ह्याचा विचार करा.

त्याच्या एक महिना आधी, २५ मे २०२० रोजी, अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड ह्या कृष्णवर्णीय माणसाचा एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. तेथेही पोलिसांच्या पहिल्या पत्रकात मृत्यूचे कारण वैद्यकीय स्वरूपाचे असल्याचेच सुचवले होते. सतरा वर्षांच्या एका मुलीने रस्त्याच्या कडेला उभे राहून केलेल्या चित्रणाने ते खोटे पाडले, आणि २० एप्रिल २०२१ रोजी तो पोलीस दोषी ठरला. साथीला कंटाळलेले लाखो लोक तेव्हा जगभर रस्त्यांवर उतरले. मुखपट्टी तोंडावर ठेवून त्यांतील असंख्य लोक जाब विचारीत होते. नियम पाळणे आणि जाब विचारणे ह्या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी करता येतात, हे त्यांनी दाखवले.

साथ आणि सक्ती ह्यांचे नाते आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा तो कायदा. त्यातील चौथे कलम असे की, ह्या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. पुण्यात रँडच्या हाताखाली सोल्जर घरांत शिरले, बायकांची विटंबना झाली, सामान रस्त्यावर फेकले गेले. परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले. रोग हटवण्यासाठी आलेली सक्ती रोगालाच आश्रय देऊन गेली. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले यशवंतरावांच्या दवाखान्याकडे धावल्या, आणि त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. एकाच साथीत पुण्याने तीन मार्ग पाहिले: रँडचा दंडुका, चापेकरांचे पिस्तूल आणि सावित्रीबाईंची पाठ. आपला मार्ग तिसरा आहे. त्या मार्गात एका गोष्टीची भर बाबासाहेबांनी घातली, ती म्हणजे कायद्याने जाब विचारण्याची. आणि हेही ध्यानात ठेवा की १८९७ चा तोच कायदा, त्याच चौथ्या कलमासह, २०२० मध्ये पुन्हा उपयोगात आणला गेला.

पोलीस अधिकारी आपल्या भाषणांतून जनतेने पोलिसांवर विश्वास ठेवावा असे आवाहन करतात. आम्ही नम्रपणे विचारतो: विश्वास ही काय वर्गणी आहे, की दारोदार फिरून मागावी? वाण्याच्या दुकानात वही असते म्हणून आपण उधारीवर विश्वास ठेवतो. ज्याची वहीच नाही, किंवा आहे पण गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, त्याच्यावर विश्वास ठेवणारा भाबडा ठरतो. पोलिसांची काठी ही जनतेने त्यांच्या हाती दिलेली ठेव आहे. ती कोठे, किती आणि कोणाच्या पाठीवर वापरली, ह्याचा हिशेब उघडा असेल तेथे विश्वास मागावा लागत नाही. आणि तो हिशेब बंद असेल तेथे अत्यंत आवश्यक, शास्त्रशुद्ध निर्बंधदेखील लोकांना जुलूमच वाटतो.

आपल्या समाजाच्या बाबतीत तर ही वही फार जुनी थकबाकी दाखवते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. तो गोळीबार समर्थनीय नव्हता, असा निष्कर्ष गुंडेवार आयोगाने काढला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ मध्ये. बारा वर्षे! त्या दिवशी पाळण्यात असलेले मूल तोवर सातवी-आठवीत गेले होते.

आणि आता परभणी. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथील रेल्वे स्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. त्या दगडफेकीचे व जाळपोळीचे समर्थन आम्ही करीत नाही, कारण संविधानाच्या अपमानाचे उत्तर संविधानाच्या मार्गानेच दिले पाहिजे. परंतु त्यानंतर वस्त्यांत पोलीस शिरले, धरपकड झाली, आणि अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा पस्तीस वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले गेले. त्याच्या मातेने न्यायालयाचे दार ठोठावले. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलै २०२५ रोजी तेथेही त्यास नकार मिळाला. वाचकहो, तपास कोणाविरुद्ध काय सिद्ध करील ते न्यायालय ठरवील. परंतु मुलाच्या मृत्यूचा केवळ गुन्हा नोंदवून घेण्यासाठी एका आईला सात महिने लागावेत, ह्या एका गोष्टीत विश्वासाचे सगळे मर्म आहे. साथ नव्हती, टाळेबंदी नव्हती. तरी वस्तीच्या गल्ल्यांतून तीच काठी फिरली. म्हणूनच आम्ही म्हणतो की २०२० मध्ये ज्या गोष्टीला लोक थकले, ती विषाणूबरोबर आली नव्हती आणि विषाणूबरोबर गेलीही नाही.

बौद्ध परंपरेने ह्या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. ओडिशात धौली व जौगड येथे सम्राट अशोकाचे जे स्वतंत्र शिलालेख आहेत, त्यांतील पहिला नगराचा न्यायव्यवहार पाहणाऱ्या महामात्रांना उद्देशून आहे. त्याचा आशय असा की, कोणासही विनाकारण बंधन व छळ सोसावा लागू नये. आणि तसे होते आहे की नाही हे पाहण्यासाठी कठोर नसलेला, क्रूर नसलेला अधिकारी दर पाच वर्षांनी दौऱ्यावर पाठवला जाईल. उज्जयिनी व तक्षशिला येथूनही असेच अधिकारी निघतील. अधिकाऱ्याच्या हातून अन्याय घडवणारे दोषही अशोकाने तेथे मोजून ठेवले आहेत: मत्सर, क्रोध, निष्ठुरता, घाई, अभ्यासाचा अभाव, आळस, आणि शेवटचा दोष थकवा. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाला ठाऊक होते की शिणलेला अधिकारी अन्यायी होतो. म्हणून त्याने त्याच्या शिणाला क्षमा केली नाही आणि त्याला वाऱ्यावरही सोडले नाही. त्याच्यावर तपासणी नेमली. शिवाय तो लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवावा, मधल्या काळात एकटा माणूस असला तरी त्यालाही ऐकवावा, असे सांगितले. म्हणजे अधिकाऱ्याला दिलेली ताकीद जनतेच्या कानांवर पडलीच पाहिजे, हा त्यातला भाव.

बाबासाहेबांनी संविधान सभेत हेच केले. जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचे कलम पुरेसे भक्कम झाले नाही, अशी टीका झाली, तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी स्वतः एक नवे कलम मांडले. तेच आजचे २२ वे कलम. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिलाच पाहिजे, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे. ज्या समाजाचा वेसकर पिढ्यानपिढ्या पोलीस पाटलाच्या दारात हातात काठी घेऊन बिनपगारी राबला, त्या समाजात जन्मलेल्या माणसाने सबंध देशाच्या काठीला ही वेसण घातली. ही वेसण ढिली पडू देणे म्हणजे त्या श्रमांवर पाणी सोडणे होय.

तिला बळकट करण्यासाठी पुढे न्यायालयांनीही पुष्कळ केले. १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग खटल्यात प्रत्येक राज्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश झाला; महाराष्ट्राने त्यासाठी पोलीस कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ मध्ये. २ डिसेंबर २०२० रोजी, परमवीर सिंग सैनी खटल्यात, प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवून ते चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपण्याचा हुकूम झाला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, राजस्थानातील कोठडी-मृत्यूंची बातमी वाचून, ठाण्यांतले कॅमेरे चालतात तरी का, ह्याची दखल त्याच न्यायालयाला आपण होऊन घ्यावी लागली. हुकूम आहेत, कागद आहेत. ज्याने डोळे उघडे ठेवायचे ते यंत्रच अनेक ठिकाणी मिटलेले आहे. दुसरीकडे १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या २२३ व्या कलमाने आदेशभंगाची शिक्षा सहा महिने कैद किंवा अडीच हजार रुपये दंड, आणि जीविताला धोका झाल्यास एक वर्ष किंवा पाच हजार रुपये, इतकी वाढवली. जनतेवरची बंधने घट्ट होत गेली. काठीवरची बंधने कागदावर राहिली. मार्च २०२२ मध्ये टाळेबंदीच्या काळातील आदेशभंगाचे खटले मागे घेण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांनी जाहीर केला, हे योग्यच झाले. परंतु त्या काळात उठलेल्या वळांची कोणती नोंद कोणत्या दप्तरात आहे?

येथे पोलिसांची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. महासाथीत बारा-बारा तास रस्त्यावर उभे राहून महाराष्ट्राच्या शेकडो पोलिसांनी प्राण गमावले. अनेकांनी भुकेल्यांना स्वतःच्या डब्यातले दिले, बेवारस प्रेतांना खांदा दिला. त्यांत आपल्या बौद्ध घरांतील मुले-मुलीही होती. ज्यांनी खाकी घातली आहे त्या आपल्या भावा-बहिणींस आमचे सांगणे आहे की, सातानकुलमच्या त्या महिला हवालदाराची आठवण ठेवा. वरिष्ठाचा हुकूम बेकायदा असेल तर तो पाळणे हे कर्तव्य नव्हे, आणि सत्य सांगणे हा दलाशी द्रोह नव्हे. उलट हिशेब मागणारी जनता ही चांगल्या पोलिसाची मित्र आहे; कारण हिशेब नसला म्हणजे चांगला आणि वाईट एकाच रंगात दिसतात.

आता तुमच्या कर्तव्याविषयी. तुम्ही नुकतीच दीक्षा घेतली आहे. जुने देव सोडले, तसे जुने भयही सोडले पाहिजे. 'साहेबांच्या नादी कोण लागणार' हे वाक्य बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या तोंडी शोभत नाही. त्याऐवजी पुढील गोष्टी घरातल्या प्रत्येकास पाठ असू द्या.

पहिली: दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे हे पोलिसांवर बंधनकारक आहे; २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने ते निर्विवाद केले आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला तर तीच हकीकत लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठवा, आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्याकडे जा. पोचपावती जपून ठेवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

दुसरी, आणि तुमच्यासाठी विशेष महत्त्वाची: 'तुम्ही आता बौद्ध झालात, अत्याचार प्रतिबंधक कायदा तुम्हांस लागत नाही' असे कोणी सांगितले तर ते साफ खोटे आहे. मूळची जात अनुसूचित जातींच्या यादीत असेल तर बौद्ध धम्म स्वीकारल्यानंतरही ते संरक्षण कायम राहते. १९९० च्या दुरुस्तीने ते स्पष्ट झाले आहे. ह्या १९८९ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे, अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकसेवकाने आपले कर्तव्य हेतुपूर्वक टाळले तर तोही शिक्षेस पात्र होतो. आणि २०१८ मध्ये घातलेल्या '१८ अ' कलमामुळे गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट उरलेली नाही.

तिसरी: घरातील कोणास अटक झाली तर कारण विचारा, अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही आहे का ते पाहा, वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरा, आणि दंडाधिकाऱ्यासमोर उभे राहिल्यावर मारहाण झाली असल्यास ते तेथेच, त्याच क्षणी सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. ठाण्यातील चित्रण जपून ठेवावे असा अर्ज पहिल्या दिवशीच द्या. उशीर झाला की यंत्र विसरते.

चौथी: पुन्हा कधी साथ आली, संचारबंदी आली, जमावबंदी आली, तर आदेशाची प्रत मागा. कोणी काढला, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेपर्यंत, हे समजून घ्या. आदेश शास्त्राला धरून असेल तर इतरांच्या आधी आपण तो पाळू, लस इतरांच्या आधी आपण घेऊ. पण पाळतानाही त्यावरची तारीख विचारू. ज्या बंधनाला अंत लिहिलेला नाही त्याचा अंत कोणीतरी मागावा लागतो.

हे सर्व एकेकट्याने होणार नाही. म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यानंतर अर्धा घटका ह्या कामास द्यावी. वस्तीतील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने संविधानाचे २२ वे कलम मोठ्याने वाचावे. महिन्याभरात कोणास ठाण्यात काय अनुभव आला, बरा वा वाईट, तो तारीख-वारासह एका वहीत लिहावा. ज्या पोलिसाने न्यायाने वागून दाखवले त्याचेही नाव तीत असावे. अशोकाने शिळेवर जे कोरले ते आपण दोन रुपयांच्या पेनने लिहू शकतो. गावोगावच्या विहारांत अशा वह्या झाल्या, तर पोलिसांची वही बंद राहणार नाही.

थकू नका असे आम्ही म्हणत नाही, माणूस थकतोच. करमाडच्या रुळांवर झोपलेले ते सोळा जणही थकलेच होते. पण थकलेल्याला झोप लागण्यापूर्वी कोणीतरी जागे राहिले पाहिजे. आज तुम्ही जागे राहा, उद्या तुमचा शेजारी जागा राहील.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम.